बालतस्करीवर कथा लिहिताना: नव्या लेखकासाठी काही पायऱ्या

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारले. त्यांच्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता. मोबाइलवरून फिरणारी अफवा तेवढी होती. ती अफवा लोकांना खरी वाटली, कारण मूल पळवणारा माणूस कसा दिसतो याचे चित्र त्यांच्या मनात आधीपासून पक्के होते: परका, फाटक्या कपड्यांतला, खांद्यावर झोळी असलेला. हे चित्र पक्के करण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या गोष्टींचाही वाटा आहे. म्हणून बालतस्करीवर कथा किंवा कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी या चित्राचा विचार करावा आणि ते मोडता येईल इतका अभ्यास झाल्याशिवाय पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढे ज्या पायऱ्या मांडल्या आहेत, त्यांच्यासाठी मी मुख्यतः एकच उदाहरण धरले आहे: रायगड, ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांतील कातकरी या आदिवासी समाजाच्या कुटुंबांतल्या मुलांचे. आपल्याजवळ घडणारी, आपल्याच भाषेत ठरणारी आणि तरीही आपल्या साहित्यात फार थोडी आलेली ही तस्करी आहे. लेखकाचा विषय मुंबईतला जरीचा कारखाना असेल, घरकामाला ठेवलेली मुलगी असेल किंवा सिग्नलवर भीक मागणारे मूल असेल, तरी कामाची रीत हीच राहील.

पहिली पायरी: व्यवहार नेमका ठरवा

‘तस्करी’ म्हटले की नव्या लेखकाचे मन थेट कुंटणखान्याकडे जाते. तेथेही मुले नेली जातात, हे खरेच आहे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शोषणाचा अर्थ बराच व्यापक आहे. शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामी, दास्य, भीक मागायला लावणे आणि अवयव काढून घेणे हे सर्व त्यात येते. मुलाला कामावर ठेवणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, आश्रय देणे, एकाने दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा ताब्यात घेणे यांपैकी कोणतीही कृती, जर फसवणूक, धाक, बळजबरी किंवा ताबा असलेल्या माणसाला पैसे देणे अशा मार्गाने शोषणासाठी केली गेली, तर तो गुन्हा ठरतो आणि पीडिताची संमती त्यात गैरलागू मानली जाते. मुलाच्या बाबतीत किमान शिक्षा दहा वर्षांची, एकाहून अधिक मुले असतील तर चौदा वर्षांची आहे. ‘तिला जायचेच होते’ हे वाक्य आरोपीच्या तोंडी जरूर घालावे, परंतु कथेने स्वतः ते मान्य करू नये.

आता आपल्या उदाहरणातला व्यवहार पाहू. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. त्याआधी, पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो त्या दिवसांत, मजूर गोळा करणारा मुकादम किंवा भट्टीचा शेठ उचल देऊन ठेवतो. ही उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीतली आगाऊ रक्कम. हिशेब शेठच्या वहीत असतो. मजुराला तो वाचता येत नाही. हंगामाच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, कुटुंब परत निघते तेव्हा उचल ‘फिटलेली’ नसते आणि ती फिटेपर्यंत एखादे मूल मागे ठेवून घेतले जाते, किंवा नवी उचल देताना घरातले एक मूल गुरे वळायला, घरकामाला मागितले जाते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर तिथली मुले मेंढ्यांमागे कामाला दिली जात असल्याचे उघडकीस आले. बदल्यात पालकांना थोडी रक्कम आणि एखादी मेंढी मिळत असे.

लेखकाने स्वतःला विचारायचे प्रश्न येथून सुरू होतात. उचल किती, कोणत्या महिन्यात, कशासाठी घेतली? आजारपणासाठी, लग्नासाठी, की नुसत्या तांदळासाठी? वही कोणाकडे आहे? मूल कोणत्या वाहनातून गेले आणि सोबत कोण होते? तेथे त्याचा दिवस कधी सुरू होतो, ते कोठे झोपते, जेवायला काय मिळते, शेवटचे घरी केव्हा आले होते? या प्रश्नांची उत्तरे कथेत सगळी येणार नाहीत, परंतु ती लेखकाकडे नसतील तर रिकाम्या जागा रडण्याने भरल्या जातात. बालतस्करीवरच्या पुष्कळशा लेखनात दुःख भरपूर आणि माहिती कमी असते, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरी पायरी: माहिती मुलांकडून काढू नका

नव्या लेखकाला वाटते की एखाद्या सुटका झालेल्या मुलीला भेटल्याशिवाय अस्सल लिहिता येणार नाही. हा आग्रह सोडून द्यावा. त्या मुलीने आपली हकीकत आधीच पोलिसांना, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला, डॉक्टरांना, समुपदेशकांना आणि कदाचित न्यायालयालाही सांगितलेली असते. तुमच्या पुस्तकासाठी ती पुन्हा सांगायला लावणे हे तिच्याकडून आणखी एक काम करून घेण्यासारखे आहे. शिवाय बालगृहातले मूल मोठ्या माणसाला सहसा ‘नाही’ म्हणू शकत नाही.

माहितीच्या जागा दुसऱ्या आहेत आणि त्या कमी नाहीत. उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळांवर वाचता येतात. त्यांत तारखा, अंतरे, रकमा, साक्षी, उलटतपासणी असे सर्व काही असते. प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेला निकाल अवश्य वाचावा. कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलींकडे आरोपी म्हणून नव्हे तर काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले म्हणून पाहावे आणि आरोपीची बाजू मांडणाऱ्या वकिलाने त्याच मुलींची वकिली करू नये, हे त्यात स्पष्ट झाले. सोडवलेल्या मुलीला पुन्हा ‘घरी’ नेण्यासाठी दलालच खोटे पालक आणि वकील उभे करतात, ही एका अख्ख्या कादंबरीची गाठ त्या निकालात सापडते. त्याचप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलन या संघटनेच्या याचिकेवर दिलेले निर्देशही पाहावेत. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवण्याचा दंडक त्यातून आला.

याखेरीज सामाजिक कार्यकर्ते, निवृत्त पोलीस अधिकारी, आश्रमशाळेतील शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि श्रमजीवी संघटनेसारख्या वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या संघटनांचे कार्यकर्ते यांच्याशी बोलावे. त्यांना विशिष्ट मुलाची हकीकत विचारू नये, रीत विचारावी: असे झाले की पुढे काय होते, कोण येते, कोणता कागद लागतो, कोठे अडते. कार्यकर्त्याचा दिवस घेतला असेल तर मानधन विचारावे. लहानपणी हे भोगलेली आणि आज प्रौढ असलेली व्यक्ती स्वतःहून बोलायला तयार असेल, तर तिच्या अटींवर बोलावे, लिहिलेले तिला दाखवावे आणि तिने नको म्हटलेला मजकूर काढून टाकावा.

तिसरी पायरी: देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माणूस म्हणून लिहा

मूल नेणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. तो मामा असतो, गावातला मुकादम असतो, पूर्वी स्वतः त्याच कारखान्यात राबलेला शेजारचा तरुण असतो, कधी शहरातल्या मोठ्या घराची ओळख सांगणारी मावशी असते. त्याची भाषा धमकीची नसते. भट्टीवरचा प्रसंग लिहिताना शेठ गरजला पाहिजे असे नाही. तो असे म्हणेल: “पोरीला राहू दे इथं. दोन वेळचं जेवण मिळंल, माझ्या पोरांबरोबर खेळंल. तू आखाडात ये, हिशेब करू, मग घेऊन जा.” आणि बाप म्हणेल, “बरं, शेठ.” त्या ‘बरं, शेठ’मागे वहीतला आकडा, पावसाळ्याची भीती, घरी असलेली आणखी तीन मुले आणि शेठशी वाद घातलेल्या दुसऱ्या कुटुंबाचे काय झाले याची आठवण, हे सारे वाचकाला आधीच ठाऊक झालेले असेल, तर प्रसंगाला अधिक काही लागत नाही.

आईवडिलांनी मूल ‘विकले’ असे सहज लिहिले जाते. व्यवहारात पैसा आहे, हे लपवू नये. परंतु विकण्यामागची स्थिती दाखवल्याशिवाय ते क्रियापद वापरले, तर दोष सर्वांत दुबळ्या माणसावर जातो आणि वही ज्याच्या कपाटात आहे तो सुटतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच केले आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो बाप शेठचे काहीही देणे लागत नाही. त्याला हे कोणी सांगितलेले नाही. माझ्या मते या विषयावरच्या कथेचे खरे केंद्र येथे आहे, अत्याचाराच्या प्रसंगात नाही.

एका धोक्याची जाणीव येथे करून द्यायला हवी. कातकरी पालक, मेंढपाळ, फिरस्ते, परप्रांतीय मजूर यांपैकी कोणत्याही समाजाला कथेतल्या गुन्ह्याचा चेहरा करू नये. इगतपुरीच्या घटनेवरून मेंढपाळ म्हणजे मुले राबवणारे असा समज पसरवणारी कथा राईनपाड्याच्या वाटेनेच जाते. त्या समाजातले दुसरे माणूस, मदत करणारे, विरोध करणारे किंवा नुसते आपले आयुष्य जगणारे, कथेत असायला हवे. मुकादमाचीही बाजू असते: तोही कारखान्याकडून किंवा भट्टीमालकाकडून उचल घेऊन बसलेला असतो. ती बाजू लिहिल्याने त्याचा गुन्हा कमी होत नाही, उलट साखळी वरपर्यंत दिसते.

चौथी पायरी: मुलाला जखमेपलीकडचे आयुष्य द्या

समजा, आपल्या कथेत अकरा वर्षांची मुलगी आहे. तस्करी होण्याआधी ती कोण होती, हे लिहून काढावे. तिला नदीत खेकडे पकडता येतात का, कोणत्या झाडाचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही हे ठाऊक आहे का, धाकट्या भावावर ती चिडते का, शाळेतल्या कोणत्या बाई तिला आवडत नाहीत? हे गुण भट्टीवर गेल्यावर नाहीसे होत नाहीत. ती तेथेही कोणाशी तरी भांडते, काहीतरी चोरून खाते, शेठच्या लहान मुलावर माया करते, एखादा दिवस हसतेही. केवळ सोसणारे मूल खरे वाटत नाही आणि त्याच्याविषयी वाचकाला दया वाटली तरी ओळख वाटत नाही.

मुलाचे वागणे मोठ्यांच्या अपेक्षेप्रमाणे नसते, हेही लक्षात ठेवावे. सोडवायला आलेल्या पोलिसांना पाहून मूल लपते, कारण ‘पोलीस तुलाच पकडतील’ असे त्याला शिकवलेले असते. ते खोटे नाव सांगते, अठरा वर्षांचे असल्याचे सांगते, कारखानदाराला ‘चाचा’ म्हणते आणि त्याच्याकडेच परत जायचा हट्ट धरते. हकीकत सांगताना ते आधीचे नंतर आणि नंतरचे आधी सांगते, मोठ्या घटनेविषयी गप्प राहते आणि हरवलेल्या चपलेविषयी पुनःपुन्हा बोलते. लेखकाने हे गोंधळ दुरुस्त करू नयेत.

निवेदक कोण, हा निर्णय येथे घ्यावा. मुलाच्या तोंडून सांगायचे ठरवले, तर त्याला न कळणाऱ्या गोष्टी कळल्यासारखे लिहिता येणार नाही, आणि कातकरी बोलीचा अभ्यास नसेल तर तिची नक्कल करू नये. साधी मराठी कधीही चांगली. शिक्षक, कार्यकर्ता किंवा आश्रमशाळेतली मैत्रीण निवेदक असेल, तर कथा हळूहळू त्या मोठ्या माणसाच्या चांगुलपणाची होऊन बसण्याचा धोका असतो. प्रत्येक प्रकरण झाल्यावर तपासावे: या प्रकरणात मुलाने स्वतः काय ठरवले, काय केले, काय नाकारले?

पाचवी पायरी: अत्याचाराचा प्रसंग कोठे थांबवायचा

मुलावरील लैंगिक अत्याचाराचे दृश्य वर्णन करू नये. याला अपवाद नाही आणि ‘वाचकाला हादरवण्यासाठी’ हे कारण पुरेसे नाही, कारण मुलाच्या शरीराचे असे वर्णन कोणत्याही हेतूने लिहिले तरी ते वाचणारे सगळे त्याच हेतूने वाचत नाहीत. अत्याचार झाला हे वाचकाला कळायला हवे. तो कसा झाला हे कळायची गरज नसते. दार बंद होण्याच्या आधी प्रसंग थांबवावा आणि नंतरचे दिवस लिहावेत: अंघोळीला न जाणे, अंगावर कोणी पांघरूण घातले तरी दचकून उठणे, आवडत्या माणसालाही जवळ येऊ न देणे. अल्पवयीन मुलीच्या रूपाचे वर्णन दलालाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या नजरेतून करण्याचा मोहही टाळावा. मुलीसाठी ‘बालवेश्या’, ‘धंद्यातली पोर’ असे शब्द निवेदनात वापरू नयेत. पात्राच्या तोंडी आले तर त्या पात्राविषयी काहीतरी सांगण्यासाठीच यावेत.

मारहाण आणि उपासमार यांबाबत एवढी कडक रेषा लागत नाही, परंतु एकच तपशील नीट लिहिलेला पाच तपशिलांपेक्षा जास्त बोलतो. दलालाच्या युक्त्या, कागदपत्रांच्या खोटेपणाचे मार्ग किंवा मुलांशी ऑनलाइन ओळख वाढवण्याची तंत्रे कृतीच्या पुस्तकासारखी उलगडून सांगू नयेत.

सहावी पायरी: सुटका हा मधला प्रसंग आहे

धाड पडली, मुले जीपमध्ये बसली आणि कथा संपली, असे पुष्कळ ठिकाणी होते. प्रत्यक्षात येथून मुलाचा दुसरा प्रवास सुरू होतो आणि त्यात कथेला लागणारे सारे असते. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार सापडलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्या खोलीत मुलाला काय दिसते, कोण काय विचारते, तोवर त्याने काही खाल्ले आहे का, हे लिहावे. वयाचा वाद उभा राहतो. शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसला तर वैद्यकीय तपासणीने वय ठरवले जाते, आणि अठराच्या आत की बाहेर यावर सारा खटला फिरतो. घरची चौकशी होते, कारण ज्या घरातून मूल गेले तेथेच परत पाठवायचे की नाही, हे समितीला ठरवायचे असते. बालगृहात मुलाला सुरक्षित वाटेलच असे नाही. ते खिडकीतून रस्ता पाहत राहील, किंवा पहिल्यांदाच स्वतःचा पलंग मिळाल्याने परत जायला नकार देईल.

वेठबिगार मुलासाठी प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळणे हा स्वतंत्र संघर्ष असतो, कारण पुनर्वसनाची मदत त्या कागदावर अवलंबून असते. ‘हे वेठबिगारीचे प्रकरण नाही, साधा मजुरीचा वाद आहे’ असे म्हणणारा अधिकारी आणि वही जप्त करा म्हणून अडून बसलेली कार्यकर्ती यांच्यातला संवाद कोणत्याही धाडीपेक्षा नाट्यमय होऊ शकतो.

न्यायालयाचा प्रसंग असेल तर नियम आधी जाणून घ्यावेत. लैंगिक गुन्ह्यात पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यायचा असतो. विशेष न्यायालयात बचाव पक्षाचे वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. मूल साक्ष देत असताना आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही, याची व्यवस्था करावी लागते. तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात थरथरणारी मुलगी आणि तिच्यावर ओरडणारा काळा कोट हे दृश्य लिहायचे असेल, तर तेथे कायदा मोडला जात आहे हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे आणि कथेत कोणाला तरी ते खटकले पाहिजे.

सातवी पायरी: खऱ्या मुलाची ओळख पुसा

सत्य घटनेवर आधारलेली कथा असेल तर नाव बदलणे पुरेसे नाही. मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. पॉक्सोच्या कलम २३ मध्येही तशीच मनाई आहे. पाड्यावर चाळीस घरे असतील आणि त्यांतले एकच मूल परत आलेले असेल, तर पाड्याचे नाव, वर्ष आणि भट्टीचे गाव एवढ्यावरून सारा तालुका त्याला ओळखतो. म्हणून तालुका बदलावा, वर्ष बदलावे, भावंडांची संख्या, आजार, अंगावरची खूण, वर्तमानपत्रात छापून आलेला ठळक तपशील हे सर्व बदलावे, आणि शक्य तर दोन-तीन प्रकरणांतून एक मूल घडवावे. मुखपृष्ठासाठी खऱ्या मुलाचे छायाचित्र, पाठमोरे किंवा डोळ्यांवर पट्टी घातलेलेसुद्धा, घेऊ नये.

शेवटची पायरी: छापण्याआधी

मसुदा किमान दोघांना वाचायला द्यावा: बालसंरक्षणात काम केलेल्या एका व्यक्तीला आणि कथेतल्या समाजातून आलेल्या एका वाचकाला. पहिली व्यक्ती प्रक्रियेतल्या चुका काढेल. दुसरी तुम्हाला न दिसलेला तुच्छपणा दाखवील. ‘मुलांना किती त्रास होतो हे लोकांना कळायला हवे’ या समर्थनाने त्यांची हरकत बाजूला सारू नये.

पुस्तकाच्या किंवा दिवाळी अंकातल्या कथेच्या आरंभी, कथानक न फोडता, आत काय आहे याची दोन ओळींत सूचना द्यावी, कारण वाचणाऱ्यांत हे भोगलेला कोणीतरी असू शकतो. शेवटच्या पानावर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक छापावा. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवते आणि तातडीच्या वेळी ११२ वरही मदत मिळते. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी हे क्रमांक चालू आहेत ना, याची प्रकाशकाकडून खात्री करून घ्यावी.